अर्धा तांब्या

सोयरू वायरमनने आमच्या घरी दिलेला पाण्याचा तांब्या कधी पुरता रिकामा केला नाही. अर्धा प्यायचा आणि उरलेला हातात घेऊन घराच्या मागच्या बाजूला जायचा. फक्त एकदा त्याने तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. या दोहोंच्या मधली हकीकत मी लिहून ठेवीत आहे. तिच्यात एक चूक आहे. ती माझी आहे, आणि आमच्या भागातील लोकांना ती त्याची म्हणून ठाऊक आहे.

मी छत्तीस वर्षे बांधकामाच्या एका सरकारी कचेरीत अंदाजपत्रके तपासली. समोर यादी यायची, हातात तांबडी पेन्सिल असायची. जी बाब अनावश्यक वाटेल तिच्यावर रेघ ओढणे हे माझे काम होते आणि ते मी चोख केले. निवृत्तीनंतर जोयड्याच्या बाहेर, गुंदकडे जाणाऱ्या रस्त्याला, चिऱ्यांचे घर बांधले. घरात मी आणि माझी पत्नी. एक मुलगा आहे, तो बंगळुरूला असतो.

सोयरू गुंदच्या बाजूच्या एका वाडीतला. चार-पाच घरे, थोडी भातशेती आणि सभोवती रान. तरुणपणी तो गोव्याला गेला, एका ठेकेदाराच्या हाताखाली वीजकाम शिकला आणि परत आला. प्रमाणपत्र काही नव्हते. घरी कोंकणी बोलायचा, बाजारात कन्नड आणि आमच्याशी मराठी. वय पंचेचाळिशीचे, अंगाने आटोपशीर. एका कानामागे टेस्टर आणि दुसऱ्या कानामागे विडी. ही विडी तो ओढत नसे. सोडून बारा वर्षे झाली होती. "कान मोकळा ऱ्हायला की कायतरी इसरल्यावाणी वाटतंय," असे त्याचे म्हणणे. त्याच्या चपलेचा पट्टा, चष्म्याची काडी आणि छत्रीची मूठ या तिन्हींना एकच काळी चिकटपट्टी गुंडाळलेली असायची.

त्याची एक सवय कोणाच्याही नजरेत भरण्यासारखी होती. कोणत्याही वस्तूला तो प्रथम उलटा हात लावीत असे. दाराची कडी, चहाचा पेला, गाईची पाठ, काहीही असो, आधी बोटांची मागची बाजू टेकवायची आणि मग धरायचे. मी एकदा कारण विचारले.

"सायेब, करंट असला तर हाताची मूठ आपोआप मिटती," तो म्हणाला. "सुलटा हात धरून ठेवतोय, उलटा सोडून देतोय. एवढंच शिकलोय बगा गोव्यात. बाकी समदं हितंच शिकलो."

बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर या सवयीवरून त्याची थट्टा चाले. माझ्यासमोरच एकाने विचारले होते, "काय रं सोयरू, बायकोलाबी उलटाच हात लावतोस काय?"

"तिला हातच लावत न्हाई," सोयरू म्हणाला. "तिचा मेन स्विच तिच्या आईकडं हाय."

सगळी टपरी हसली. मी हसलो नाही. मी टपरीवर फारसा हसत नसे. लोकांनाही ते अपेक्षित नसे.

तो आमच्या घरी प्रथम आला तो गिझर बसविण्यासाठी. त्यापूर्वी आमच्याकडे, येथील सर्वांकडे असते तशी, न्हाणीत चूल होती आणि तिच्यावर कायमचा बसवलेला तांब्याचा हंडा होता. पहाटे चूल पेटायची ती दोघांची स्नाने होईपर्यंत जळायची. पत्नीच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी धूर वर्ज्य सांगितला. त्यात तिचा गुडघाही दुखरा, चुलीपुढे बसणे अवघड. मुलाने गिझर पाठवून दिला. मोठे खोके दारात येऊन पडले. माझी समजूत अशी होती की आता एक खिळा ठोकावयाचा, एक तार जोडावयाची आणि पाणी गरम होणार.

सोयरूने आल्यावर खोके उघडलेदेखील नाही. तासभर तो घर पाहत हिंडला. मीटरचा फळा पाहिला. न्हाणीच्या भिंतीवर उलट्या हाताने टकटक करून कान लावला. पाण्याची टाकी किती उंच आहे ते पाहिले. मग परसात उकिडवा बसून मूठभर माती उचलली, चुरडली आणि वास घेतला. शेवटी खोक्याच्या पुठ्ठ्याची एक बाजू फाडून त्याने तीवर सुताराच्या पेन्सिलीने यादी लिहिली. तो पुठ्ठा आजही माझ्यापाशी आहे. मीटरपासून न्हाणीपर्यंत स्वतंत्र जाड वायर. मोठा प्लग. टाकीला उंच लोखंडी घोडा, नाहीतर पाण्याला जोर येणार नाही. चिऱ्याची भिंत खिळ्याने भार सोसणार नाही, म्हणून आरपार बोल्ट आणि मागून पट्टी. वाफ कोंडली तर सोडणारा व्हॉल्व्ह. अर्थिंगचा खड्डा. आणि शेवटची बाब, करंट गळू लागला तर आपोआप पडणारा स्विच.

मी बेरीज पाहिली. "गिझर आठ हजारांचा, आणि तो टांगायला बारा हजार?"

"म्हस इकत आणनं येगळं, सायेब, आणि म्हस बांधनं येगळं. गोठा नगं? दावं नगं?"

"माझ्या घरात म्हैस आणीत नाही मी."

"तिच्यापेक्षा वंगाळ जनावर हाय ह्ये. म्हस शिंग उगारती ते दिसतंय तरी."

मी तांबडी पेन्सिल घेतली. सवयीने हात आधी शेवटच्या बाबीवर गेला. रेघ ओढली तेव्हा तो पुढे झुकला.

"ह्यो नगा काढू, सायेब. पायजे तर टाकीचा घोडा लाकडाचा करूया. पट्टी मी जुनी बगतो कुठंतरी. पण ह्यो ऱ्हाऊ द्या."

"अर्थिंग करतो आहेस ना? मग एकाच कामाला दोन राखणदार कशाला?"

"एक झोपला तर दुसरा जागा असावा म्हणून."

"माझ्या घरात कोणी कामावर झोपत नाही," मी म्हणालो.

त्याने पुठ्ठ्यावरच्या तांबड्या रेघेला उलट्या हाताचे बोट टेकवले. मग म्हणाला, "बरं. मग खड्डा तरी माझ्या मनासारका खणू द्या."

खड्डा त्याने स्वतः खणला. आमची जमीन जांभ्याची. वीतभर मातीखाली पहार ठणकन् वाजते. दोन दिवस तो त्या मागच्या कोपऱ्यात छातीएवढ्या खड्ड्यात उभा होता. भरण्यासाठी कोळसा आणि मीठ लागते. मिठाचे पोते त्याने बाजारातून आणले, पण कोळसा विकत घेऊ दिला नाही. न्हाणीच्या चुलीतला कोळसा पत्नीने वर्षानुवर्षे एका पिंपात साठवला होता. तो त्याने चाळून घेतला. मध्ये लोखंडी नळी उभी करून एक थर कोळशाचा, एक थर मिठाचा, असा तो खड्डा भरत गेला. "आक्का, तुमची चूल काय वाया गेली न्हाई," तो पत्नीला म्हणाला. "वर पाणी तापवत हुती, आता खाली बसून राखण करंल." पत्नीला ते फार आवडले. पुढे कितीतरी दिवस ती आल्यागेल्याला ते सांगत असे.

नळीच्या तोंडावर त्याने सिमेंटचा छोटा चौकोन आणि झाकण केले. मग मला बोलावून नेले.

"सायेब, एक ध्यानात ठेवा. शिमगा झाला की दर चवथ्या दिवशी एक घागर ह्यात वतायची. पाऊस लागंपतोर. ही तांबडी जमीन उन्हाळ्यात भाकरीवाणी वाळती. वाळली की करंटला खाली जायाला वाट न्हाई."

"तू वायरमन आहेस की माळी?" मी विचारले.

"सांगायचं काम माझं हाय."

"मी विचारल्याखेरीज सल्ला देत जाऊ नकोस. काम झाले. पैसे घे."

त्याने पैसे घेतले. ही गोष्ट त्याने पुन्हा काढली नाही. मी ती विसरलो असे लिहिणे सोयीचे होईल. खरे म्हणजे मी ती कानांपलीकडे जाऊच दिली नव्हती.

त्या वर्षीच्या दिवाळीतील एक प्रसंग सांगतो, म्हणजे माणूस कळेल. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाणी भरण्याचा सण असतो. न्हाणीतला हंडा चिंचेने घासून लख्ख करायचा, त्याच्या गळ्यात झेंडूची माळ आणि कारिटाचा वेल बांधायचा, हळदकुंकू लावायचे आणि विहिरीचे पाणी भरायचे. पत्नी सकाळपासून गप्प होती. हंडा माळ्यावर गेला होता. सोयरू कसल्याशा कामाने रस्त्याने चालला होता, तो आत आला.

"सण कशावर करायचा रे आता?" तिने त्याला विचारले. मला तिने विचारले नव्हते.

"पाणी तर ह्यातबी भरतंय की, आक्का." त्याने फळ्यावरचा स्विच पाडला, गिझरला उलटा हात लावून खात्री केली आणि स्टुलावर चढून त्या पांढऱ्या पत्र्याच्या पिंपाला झेंडूची माळ घातली. वेल कोठे बांधावा हा प्रश्न पडला, तेव्हा तो व्हॉल्व्हच्या दांडीला बांधला. खाली उतरून त्याने मागे सरून पाहिले. "झ्याक. नवरदेवच दिसालाय."

मी ओसरीवरून म्हणालो, "यंत्राची पूजा खंडेनवमीला करतात."

"तवा ह्यो नवा हुता सायेब, लाजत हुता," तो म्हणाला. पत्नी तोंडाला पदर लावून हसली. माळ सुकली तरी तिने महिनाभर काढली नाही.

पुढचे दोन उन्हाळे तो येत राहिला. काम नसायचे. शिमग्यानंतर तीन-चार दिवसांआड केव्हातरी दुपारी त्याची मोपेड फाटकाशी थांबायची. "आक्का, तांब्याभर पाणी." पत्नी पाणी द्यायची. अर्धे पिऊन तो मागे जायचा. मग विहिरीवर रहाटाचा आवाज यायचा. घागर भरून तो ती मागच्याच कोपऱ्यात न्यायचा. "पाय धुतो वाईच," असे सांगायचा. येथे सर्व जण पाय धुतात ते पुढच्या पायरीशी. हा एकटा मागे जाऊन धुवायचा. मला ते विचित्र वाटे. पण रानातली माणसे, त्यांच्या काही रीती असतील, असे मी ठरवून टाकले होते. जे कळत नाही त्याला रीत म्हणून सोडून देण्याची मला सवय होती.

तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर खाली गेली. मी दोराला गाठी मारून रोज पाणी मोजू लागलो. अशा दिवसांत एके दुपारी मी झोपेतून उठलो तो रहाट वाजत होता. बाहेर येऊन पाहिले. सोयरू काठोकाठ भरलेली घागर घेऊन मागे निघाला होता.

"थांब," मी म्हणालो. "कुठे चाललास?"

"पाय धुतो, सायेब."

"तुझ्या पायांना एवढी कसली घाण लागते? घोटभर पिण्याला कोणी नाही म्हणत नाही. पण ही विहीर पाय धुवायला नाही. यापुढे काम असेल तरच फाटकाच्या आत ये."

पत्नी दारात आली होती. तिच्यासमोर मी हे बोललो.

सोयरूने घागर खाली ठेवली. क्षणभर त्याचे तोंड उघडले आणि मिटले. मी विचारल्याखेरीज सल्ला देऊ नकोस, असे मीच त्याला सांगून ठेवले होते. मग त्याने घागर उचलून पुन्हा विहिरीत रिकामी केली, काठावर पालथी घातली आणि तो निघून गेला. मोपेड सुरू होण्याचा आवाज बराच वेळ आला नाही. ती त्याने वळणापर्यंत ढकलत नेली असावी.

त्यानंतर महिना झाला नसेल. सकाळची वेळ. मी ओसरीवर पंख्याखाली बसलो होतो, पत्नी न्हाणीत होती. पंखा थांबला. येथे वीज दिवसातून दोनचारदा जाते. सुप्याच्या धरणावर वीज तयार होते आणि त्याच तालुक्यात आम्ही अंधारात बसतो, अशी तक्रार मी मंडळाला अनेकदा लिहिली होती. त्या सकाळीही मी मंडळाच्या नावाने एक शब्द उच्चारला. त्याच वेळी न्हाणीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

ती ओरडली नव्हती. ओरडणे तिला शक्यच नव्हते. गिझरच्या आतील पाणी तापविणारी कांडी फुटून करंट पाण्यात आणि पत्र्यात उतरला होता, आणि तिने नळ धरला होता. मूठ मिटली ती उघडेना. वीज गेली तेव्हा हात सुटला आणि ती कोसळली. वीज गेली नसती तर मी पुढचे लिहीत बसलो नसतो. दांडेलीच्या दवाखान्यात मनगटाचे हाड बसविले. तळहातावर जळाल्याचा पट्टा होता. उजव्या हाताच्या तीन बोटांत आजही जाणीव नाही.

दवाखान्यातून तिला घरी आणले त्या दिवशी सोयरू फाटकाशी येऊन उभा राहिला. आत आला नाही.

"सायेब, आक्का कशा हायत?"

मी पुढे होऊन फाटकाची कडी लावली.

"एकडाव खड्ड्याचं झाकण उगडून बगू काय?"

"तू आता या घरात काहीही उघडायचे नाहीस," मी म्हणालो. "तुझ्या कामाने तिचा जीव जात होता."

त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला सर्व ठाऊक होते. एक वाक्य बोलला असता तरी पुरे होते. तो म्हणाला, "आक्काना इचारलंय म्हनून सांगा," आणि गेला. त्याचा निरोप मी आत पोहोचविला नाही.

त्याच आठवड्यात गणेशगुडीच्या बाजूला पाहुण्यांसाठी खोल्या बांधणारा एक गृहस्थ मला भेटायला आला. चौदा खोल्यांना चौदा गिझर बसवावयाचे होते आणि ते काम सोयरूला देण्याचे त्याने जवळजवळ ठरविले होते. सोयरूच्या दृष्टीने ती वर्षाची भाकरी होती. त्याने दोन माणसेही हाताखाली सांगून ठेवली होती म्हणे.

"तुमच्या घरचं काम त्यानंच केलंय. तुमी हिशोबाचं माणूस. तुमी व्हय म्हनला की झालं."

"माझी पत्नी आत निजली आहे," मी म्हणालो. "तिला विचारा."

तो आत गेला नाही. एवढे त्याला पुरले. बाजारातही ते पसरले. मी कोठे जाऊन बोललो नाही. पण कोणी विचारले तर गप्पही बसलो नाही.

गिझर काढून नवा बसविण्यासाठी मी रामनगरहून दुसरा वायरमन बोलावला. खानापूरकडचा, वयस्क आणि फार बोलणारा माणूस. आधी तो मीटरच्या फळ्यापाशी गेला.

"करंट गळला तर पडतोय त्यो स्विच न्हाई बसीवला?"

"राहिला," मी म्हणालो. पुठ्ठा आतल्या कपाटात होता आणि त्यावर माझी रेघ होती.

मग तो मागे गेला. झाकण काढून वाकला, बोट घालून पाहिले आणि मला हाक मारली.

"आवो, ह्यात पाणी कोन वतत हुतं?"

"कोणी नाही."

"आसं कसं? ह्ये बगा." आतील कडेला शेवाळाचा जाड थर होता, वाळून पापुद्र्यासारखा सुटलेला. "ह्ये काय एका दिसाचं न्हवं. दोन वर्सं तरी कोनतरी न चुकता वतत हुतं. औंदाच बंद झालंय. त्येच्यामुळंच बाईस्नी झटका बसला की. खड्डा पाक राख झालाय." त्याने पहारीने कड खरवडली. "खणणारा मातर मानूस हुता. छातीएवढा! मी तर कमरेवर थांबलो आसतो."

मी त्याला काम चालू ठेवायला सांगितले आणि घरात आलो. पत्नी भिंतीला टेकून बसली होती. मी तिला विचारले, सोयरू मागे जाऊन काय करतो हे तिला ठाऊक होते का.

"एकदा विचारलं होतं मी," ती म्हणाली. "पाय धुतो म्हणाला. मी म्हटलं, अरे, मी आणून देते घागर. तर म्हणाला, तुमी नगा येऊ आक्का, मागं उतरायला नऊ पायऱ्या हायत, तुमचा गुडगा दुकतोय." ती थांबली. "का हो?"

मी तिला सांगितले. खड्ड्याचे, पहिल्या दिवशी त्याने जे बजावले होते त्याचे, रेघेचे. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशीही ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती एवढेच, की तुम्ही त्याच्याकडे जाऊन या.

मी आधी गणेशगुडीला गेलो. ते मला सोपे वाटले. काम हुबळीच्या ठेकेदाराला देऊन झाले होते, निम्मे गिझर लागलेही होते. मी म्हणालो, दोष सोयरूचा नव्हता, माझा होता. तो गृहस्थ म्हणाला, "आता काय उपेग, सायेब?" मग टपरीवर गेलो. जन्मात प्रथमच मी तेथे आपणहून बोललो. सगळे सांगितले. लोकांनी ऐकले, माना डोलावल्या, आणि एक जण म्हणाला, "सायबांचं मन मोटं. बाईचा हात गेला, तरी गरिबाला सावरून घ्यालेत." मी पुन्हा सांगितले. त्यांनी पुन्हा माना डोलावल्या. माझ्या खरेपणाची मी इतकी वर्षे जी ख्याती बाळगली होती ती मला खरे बोलू देईना.

सोयरूच्या वाडीकडे मी तीन वेळा निघालो. दोन वेळा वाटेतल्या ओढ्यावरच्या मोरीपासून परतलो. तिसऱ्या वेळी, पावसाळा सरून सुगी आली तेव्हा, पोहोचलो, तर तो गोव्याला गेला होता. त्याची बायको भात झोडपीत होती. बसायला पाट दिला, पाणी दिले. काय निरोप सांगू म्हणाली. "काही नाही," मी म्हणालो. "एक काम होते."

त्या दिवाळीत पत्नीने नव्या गिझरला डाव्या हाताने माळ बांधली. मी स्टूल धरून उभा होतो. आधी फळ्यावरचा स्विच पाडला होता.

तुळशीचे लग्न झाल्यावर चार-सहा दिवसांनी, सकाळी, तो मला दिसला. गोव्याकडे जाणारी बस आमच्या फाटकासमोर हात केला की थांबते. तो रस्त्याच्या पलीकडे पिशवी घेऊन उभा होता. एका कानामागे टेस्टर होता, दुसऱ्या कानामागे विडी. छत्रीच्या मुठीवर चिकटपट्टीचा आणखी एक वेढा चढला होता. सणाला आला होता आणि आता परत निघाला होता.

मी फाटकापर्यंत गेलो. "सोयरू, आत ये."

"नगं सायेब. गाडीची येळ झाली."

"अजून वेळ आहे."

तो रस्ता ओलांडून आला आणि फाटकाच्या बाहेर थांबला. "आक्का बऱ्या हायत न्हवं?"

"बरी आहे. उजव्या हाताला थोडे कमी आहे."

त्याने मान खाली घातली, जणू ते त्याच्याकडूनच झाले होते. मला जे म्हणावयाचे होते ते दोन-तीन शब्दांत मावणारे होते. छत्तीस वर्षे मी पानेच्या पाने टिपणे लिहिली होती. "थांब," मी म्हणालो, "पाणी आणतो."

मी स्वतः आत गेलो, तांब्या काठोकाठ भरला आणि घेऊन आलो. पत्नी खिडकीत उभी होती. तो पुढे झाला. आधी उलट्या हाताची बोटे तांब्याला टेकवली, मग धरला. पण लगेच प्यायला नाही.

"सायेब, शिमगा झाला की दर चवथ्या दिवशी एक घागर. पाऊस लागंपतोर."

"घालतो," मी म्हणालो.

"आणि त्यो स्विच?"

"बसविला."

"मग झालं."

त्याने तांब्या वर धरून पिण्यास सुरुवात केली. अर्ध्यावर तो थांबेल म्हणून मी फाटकाची कडी काढून ठेवली होती. मागच्या कोपऱ्याची वाट मोकळी होती. तो थांबला नाही. त्याच्या गळ्याची घाटी एकसारखी वरखाली होत राहिली. बस वळणावर दिसली. त्याने तांब्या आणखी तिरका केला, शेवटचे पाणी घेतले आणि दोन्ही हातांनी माझ्या हातात दिला.

"येतो, सायेब."

बस थांबली, तो चढला, ती गेली. मी तांब्या पालथा करून पाहिला. मातीवर एक थेंबही पडला नाही.